थांबायची जागा आधी बघ

बाळ, स्लेड, म्हणजे स्नोमोबाइल, चालवणं अवघड नाही. उजव्या अंगठ्याखाली थ्रॉटल, डाव्या पंज्यात ब्रेक, पुढे दोन स्की, मागे दात्यांचा रबरी पट्टा. गिअर बदलायचे नाहीत, क्लच दाबायचा नाही. सकाळी शिकायला बसलीस तर दुपारच्या चहापर्यंत ट्रेलवर बऱ्यापैकी जाशील. माणसं अडकतात ती खोल, ताज्या हिमात आणि गोठलेल्या तळ्यावर, आणि तीही बहुतेक वेळा थांबताना. कुठे थांबायचं हे न ठरवता निघालेल्याला हिम स्वतःच्या मर्जीने थांबवतं. म्हणून पहिला कानमंत्र हा, की अंगठा दाबायच्या आधी पुढची थांबायची जागा डोळ्यांनी हेरून ठेव. आज जे काही सांगणार आहे ते सगळं याच्याच पोटातलं आहे.

हे मला माझ्या म्हाताऱ्या शेजाऱ्याने शिकवलं. तो फिनलंडहून इथे तांब्याच्या खाणींवर आलेल्या घराण्यातला. बोलायचा कमी, पण जे बोलायचा ते तासभर डोक्यात राहायचं. त्याच्या मागे बसून मी या कीविनॉ द्वीपकल्पाचं रान पाहिलं, आणि नंतर त्याच्या पुढे जाऊन वाट काढायला त्यानेच मला लावलं. आता तू होटनला मिशिगन टेकमध्ये शिकायला आली आहेस, तुझ्या विद्यापीठाची मुलं कमी धूर आणि कमी आवाजाची स्लेड बनवायच्या स्पर्धेत उतरतात, आणि तूही त्या वर्कशॉपमध्ये हात काळे करतेस म्हणालीस. इंजिन तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल. हिमाचं मात्र ऐकून घे.

आपण राहतो ती जागा आधी समजून घे. नोव्हेंबरपासून वायव्येकडून कोरडे, बोचरे वारे सुटतात. लेक सुपीरिअर तेव्हा गोठलेलं नसतं, त्याचं पाणी हवेच्या मानाने कितीतरी उबदार असतं. वारा त्यावरून येताना वाफ उचलतो आणि कीविनॉच्या डोंगरकण्यावर चढला की सगळी इथे रिती करतो. मोहॉक गावाच्या उत्तरेला, यूएस ४१ रस्त्याच्या कडेला उंचच्या उंच मोजपट्टी उभी केली आहे, ती पाहून ये. १९७८-७९ च्या हिवाळ्यात इथे ३९०.४ इंच हिम पडलं, म्हणजे साडेबत्तीस फूट. दर वर्षी एवढं पडत नाही, पण रात्रीतून फूटभर पडलं तर इथे कुणी त्याची बातमी करत नाही. कडक थंडीत पडलेलं हिम हलकं, कोरडं, फुंकरीने उडणारं. शून्याच्या आसपास पडलेलं जड आणि चिकट. सकाळी दाराबाहेरचं हिम मुठीत दाबून बघ. गोळा होत नसेल तर पावडर आहे, दिवस सुंदर जाईल आणि अंगाचा घाम काढील.

पावडरमध्ये काय होतं ते नीट ऐक. स्लेडचं वजन पेट्रोल धरून अडीचशे किलोच्या घरात. पट्टा फिरत असतो आणि तू पुढे सरकत असतेस तोवर स्लेड हिमाच्या वरच्या थरावर तरंगते. वेग तुटला की ती बसते. आजोळच्या भातखाचरात चिखलणीच्या वेळी तू चालली आहेस ना? पाय उचलत राहिलं तर निभतं, उभं राहिलं की पोटरीपर्यंत आत. इथेही तसंच, फक्त खाली चिखलाऐवजी चार फूट हिम असतं. तेव्हा खोल हिमात थ्रॉटल एकसारखा ठेव. एकदम दाबलास तर पट्टा पुढे ढकलायच्या आधी खाली खणतो. एकदम सोडलास तर नाक खाली जातं आणि स्की हिमात घुसतात.

ब्रेकला तर हातच लावू नकोस. ब्रेक दाबलास की पट्टा जागच्या जागी अडतो, पुढे हिमाचा ढीग जमतो, आणि पुन्हा निघताना तोच ढीग तुला चढायचा असतो. अंगठा सैल केला की हिम स्वतःच स्लेडला थांबवतं. थांबायचं असेल तर उताराकडे तोंड करून थांब, म्हणजे निघताना वजन तुझ्या बाजूने असेल. सपाटीवर असशील तर मोठा वळसा घेऊन स्वतःच्याच दाबलेल्या चाकोरीवर ये आणि तिथे थांब. म्हातारा तर थांबायच्या जागी आधी एक फेरी मारायचा, हिम दाबून घ्यायचा, आणि दुसऱ्या फेरीला त्यावर उभा राहायचा. नवख्यांना हे वेळकाढूपणाचं वाटतं. पण वीस मिनिटं खोरं मारण्यापेक्षा एक फेरी केव्हाही परवडते.

बसून चालवणं ट्रेलवर ठीक. पावडरमध्ये उभी राहा. गुडघे सैल, पाय बाजूच्या फळ्यांवर घट्ट, नजर लांब. खोल हिमात स्की वळवल्या म्हणून स्लेड वळत नाही, ती तुझ्या वजनाने वळते. डावीकडे जायचं तर वजन डाव्या फळीच्या कडेवर टाक, हँडल क्षणभर उजवीकडे फिरव आणि थ्रॉटलला हलका झटका दे. स्लेड डाव्या कुशीवर कलते आणि त्या कडेवर वळत जाते. हँडल उलटं फिरवायचं हे मनाला पटायला वेळ लागतो, म्हणून आधी उघड्या माळावर, झाडं नसतील तिथे, हेच करत राहा. स्लेड कलली की घाबरून वजन उलट्या बाजूला नेतात, तिथेच तोल जातो. पडलीस तर पावडरमध्ये फारसं लागत नाही. हात-पाय स्लेडखाली जाऊ देऊ नकोस, आणि हँडल धरून लोंबकळू नकोस.

मनगटाला किंवा जाकिटाला लावायची जी दोरी असते, तू पडलीस की इंजिन बंद करणारी, ती न लावता स्लेडवर चढू नकोस. अंगणातल्या अंगणात हलवायची असली तरी नाही. थ्रॉटलची तार गोठून अडकू शकते, आणि चालक नसलेली स्लेड झाडापर्यंत किंवा माणसापर्यंत जाते. निघायच्या आधी इंजिन बंद असताना थ्रॉटल दोन-तीनदा दाबून सोडून बघ, अंगठ्याखालून तो चटकन परत येतो ना. ब्रेकही दाबून बघ.

स्लेडची निवड म्हणून एवढंच. माझी १३७ इंची पट्ट्याची आहे, दाते दीड इंचाच्या आसपास. ट्रेलवरही चालते आणि रानातही निभावते. पश्चिमेकडे रॉकी पर्वतात १५४ किंवा १६५ इंचांचे पट्टे आणि अडीच-तीन इंचांचे दाते असलेल्या स्लेडी चालवतात. त्या खोल हिमात अप्रतिम, पण टणक ट्रेलवर वळायला जड. तिथे हिमकडे कोसळतात, त्याचं शिक्षण वेगळं आणि सक्तीचं समज. इथल्या सवयीवर तिकडे जाऊ नकोस.

आता रुतलीस तर. रुतणार तू, सगळेच रुततात. पट्टा जागेवर फिरायला लागला आणि स्लेड पुढे सरकत नाही असं जाणवलं की त्याच क्षणी अंगठा सोड. दाबत राहिलीस तर पट्टा स्वतःसाठी खड्डा खणतो, मागचा भाग खोल जातो, आणि वर इंजिनाची ताकद पट्ट्याकडे नेणारा रबरी बेल्ट तापून तुटतो. इंजिन बंद कर आणि उतर. उतरताना सांभाळ, स्लेडच्या बाहेर हिम तुला कमरेपर्यंत घेईल.

आधी बघ उतार कुठे आहे. स्की धरून पुढचं टोक त्या बाजूला ओढ. मग पुढे दोन स्लेडींच्या लांबीइतकं हिम पायांनी तुडवून दाब, हा तुझा रस्ता. फळ्यांखालचं आणि पोटाखालचं हिम फावड्याने काढ. स्लेड तिथेच टेकलेली असते आणि पट्टा अधांतरी फिरत असतो. खड्डा फार खोल असेल तर स्लेड कुशीवर आडवी पाड, खड्डा हिमाने भरून तुडव, आणि तिला पुन्हा उभी कर. पाडण्याआधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट आहे ना ते पाहा. एवढं झालं की पाच मिनिटं थांब. तुडवलेलं हिम घट्ट व्हायला वेळ लागतो, आणि तुझा श्वासही तेवढ्यात ठिकाणावर येतो. मग हलक्या अंगठ्याने निघ. मदतीला कुणी असेल तर त्याने पुढे राहून स्कीला बांधलेली दोरी तिरकी ओढावी. पुढे अगदी समोर नको, आणि मागे तर मुळीच नको. फिरत्या पट्ट्याच्या मागे उभं राहिलेल्या माणसाच्या अंगावर दगड, बर्फाचे तुकडे, तुटलेला खिळा, काहीही येऊ शकतं. रिव्हर्सचा मोह आवर. खोल हिमात रिव्हर्स टाकला की पट्टा बहुतेक वेळा स्लेडला आणखी खाली नेतो.

या सगळ्यात खरा धोका घामाचा असतो. उणे पंधरा अंशात अर्धा तास खोरं मारून अंग ओलं झालं, आणि मग थांबलीस, की थंडी आतून शिरते. खणायच्या आधी जाकिटाची चेन उघड, एक थर काढ, आणि खणून झाल्यावर लगेच परत घाल. अंगाला लागून लोकर किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे, सुती काहीही नाही. सुती गंजी, सुती मोजे, जीन्स एकदा भिजली की तिथे वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेते. हाताचे मोजे दोन जोड्या, त्यांतली एक कोरडी, प्लास्टिकच्या पिशवीत.

आता तळ्याकडे वळते तुझी वाट. इथे मी जरा वेळ घेईन.

उघड्या तळ्यावर पावडरचा आनंद वेगळाच, झाड नाही, दगड नाही, क्षितिजापर्यंत पांढरं. पण तिथे तुझ्याखाली दोन गोष्टी आहेत, वर हिम आणि खाली बर्फ, आणि वरचं हिम खालच्या बर्फाचा वैरी आहे. हिमाचा जाड थर पांघरूण होतो, बाहेरची थंडी खाली पोचू देत नाही, त्यामुळे बर्फ जाड होणं मंदावतं. शिवाय त्या हिमाचं वजन बर्फाला खाली दाबतं. भेगांमधून पाणी वर येतं आणि हिमाच्या तळाशी पसरतं. वर कोरडी पावडर, खाली घोटाभर किंवा त्याहून जास्त पाण्याचा रबरबाट. त्यालाच इथे स्लश म्हणतात. बाहेर उणे वीस असलं तरी ते पाणी गोठत नाही, कारण त्याच्यावर पांघरूण आहे. मोठं हिम पडून गेल्यावरच्या पहिल्या दिवशी हे सर्वांत जास्त सापडतं, आणि सगळ्यांना तळ्यावर जायची घाई त्याच दिवशी असते.

तळ्यावर थांबायच्या आधी मागे वळून स्वतःची चाकोरी बघ. ती करडी, ओलसर दिसायला लागली की खाली स्लश आहे. तिथे थांबू नकोस. अंगठा दाब, उभी राहा, वजन मागे ने, सरळ किनारा धर आणि टणक जागेवर जाऊनच थांब. पुढचा गेला त्याच्या चाकोरीत शिरू नकोस. त्याच्या पट्ट्याने वरचं हिम उघडलेलं असतं, तिथे पाणी जास्त. त्याच्या शेजारून स्वतःची वाट काढ. आणि रुतलेल्याला मदत करायला त्याच्या जवळ जाऊन उभी राहू नकोस, मग दोघी रुताल. पुढे जा, किनाऱ्यावर थांब, आणि पायी परत ये. स्लशमधून निघालेली स्लेड लगेच झाडून घे. पट्ट्यातलं, स्कीवरचं पाणी काही मिनिटांत दगड होतं. रात्रभर ठेवायची असेल तर पट्ट्याखाली आणि स्कीखाली ओंडके किंवा फांद्या घाल, नाहीतर सकाळी ती जमिनीला चिकटलेली मिळेल.

बर्फ किती जाड हवा? मिनेसोटाचं निसर्गसंपदा खातं नव्या, स्वच्छ, काचेसारख्या पारदर्शक बर्फासाठी स्लेडला ५ ते ७ इंच सांगतं, आणि हिम मिसळून झालेल्या पांढऱ्या बर्फासाठी याच्या दुप्पट. आपल्या मिशिगनचं खातं इंचांचा असा भरवसा देतच नाही, आणि मला त्यांचं म्हणणं जास्त पटतं. एकाच तळ्यावर इथे बारा इंच आणि शंभर पावलांवर तीन इंच असू शकतो. नदी किंवा ओढा जिथे तळ्यात शिरतो, जिथून पाणी बाहेर पडतं, दोन किनारे जवळ येतात ती अरुंद जागा, पुलाखाली, बुडलेल्या झाडांभोवती, आणि लोकांनी धक्क्याचं लाकूड वाचवायला पाण्यात हवेचे बुडबुडे सोडलेले असतात तिथे, या सगळ्या जागा पातळ समज. पोर्टेज लेकचा जलमार्ग दोन्ही टोकांनी सुपीरिअरला जोडलेला आहे, तिथे पाणी हलतं. होटन-हॅनकॉकच्या उचलत्या पुलाचा मधला भाग हिवाळ्यात अशा उंचीवर ठेवतात की स्लेडी खालच्या मजल्यावरून पार होतात. पूल आहे तर पुलावरून जा. आणि लेक सुपीरिअरवर नाहीच. वारा फिरला की त्याचा बर्फ किनारा सोडून निघून जातो.

कुठल्याही तळ्यावर पहिल्यांदा जाताना तिथे आमिषाची दुकानं चालवणाऱ्यांना आणि बर्फात भोक पाडून मासे धरणाऱ्यांना विचार. ते रोज गिरमिटाने भोकं पाडतात, त्यांना जाडी आणि पाणी दोन्ही माहीत असतं. त्यांच्या झोपड्यांजवळून जाताना वेग अगदी कमी कर. १०० फुटांच्या आत स्लेड जेमतेम सरकेल इतक्याच वेगाने न्यायची, असा मिशिगनचा कायदा आहे. कायदा नसता तरी तसंच करायचं होतं. कुणी विचारायला नसेल तर किनाऱ्याजवळ पहारीने ठोकून बघत पायी पुढे जा. शंका आली तर किनाऱ्याकिनाऱ्याने ट्रेलवरून जा. त्याने अर्धा तास जास्त लागेल, लागू दे.

गळ्यात दोन टोचे घालून ठेव, लाकडी मुठीचे, दोरीने जोडलेले. खिशात किंवा पिशवीत ठेवलेले उपयोगाचे नाहीत. आणि तळ्यावर वारंवार जाणार असशील तर पाण्यावर तरंगवणारा सूट घे, त्यात पैसे वाचवू नकोस, कमी पडले तर माझ्याकडे माग. बर्फ फुटून पाण्यात पडलीस तर काय होईल ते आज नीट डोक्यात बसव. मॅनिटोबा विद्यापीठात गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी गार पाण्यात माणसाचं काय होतं याचा अभ्यास केला आहे, ते १-१०-१ असं सांगतात. पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात येत नाही, धाप लागते; तेवढ्यात फक्त तोंड पाण्याबाहेर ठेवायचं आणि श्वास सावकाश करायचा. पुढची १० मिनिटं हातपाय कामाचे असतात. आणि शुद्ध हरपायला साधारण १ तास लागतो. म्हणजे पडल्या पडल्या मरण येत नाही, घाबरून माणूस ती १० मिनिटं वाया घालवतो. ज्या बाजूने आलीस त्याच बाजूला तोंड कर, कारण त्या बर्फाने तुझं वजन पेललेलं आहे. टोचे बर्फात रोव, पाय मागे पाण्यावर आडवे झाडत राहा, आणि पोटावर सरकत वर ये. वर आलीस की उभी राहू नकोस. लोळत, सरपटत लांब जा.

ढगाळ दिवशी तळ्यावर आकाश आणि जमीन एकच होते. सावली पडत नाही, त्यामुळे वाऱ्याने झालेल्या हिमाच्या कडा, बर्फाच्या दाबाने उभे राहिलेले कंगोरे काहीच दिसत नाही. अशा उजेडात वेग निम्मा कर, आणि डोळ्यांना पिवळ्या किंवा केशरी काचेचा गॉगल लाव. पुढच्या स्लेडने उडवलेला पावडरचा धुरळा तर पूर्ण आंधळं करतो. धुरळा बसेपर्यंत मागे राहा. धुरळ्यात कुणीही मध्येच थांबायचं नाही, थांबायचं तर बाजूला होऊन.

ट्रेलचं जरा थोडक्यात सांगतो, कारण ते तुला फलकांवरूनही कळेल. उजवी बाजू सोडू नकोस, विशेषतः चढाच्या माथ्यावर आणि आंधळ्या वळणावर. समोरून येणारा बोटं दाखवतो ती त्याच्यामागे आणखी किती जण आहेत त्याची. मूठ दाखवली म्हणजे तो शेवटचा. ट्रेल सपाट करणारं अवजड यंत्र बहुधा रात्री फिरतं, ते रुंद आणि संथ असतं, दिसलं की बाजूला हो. ते जाऊन दोन-तीन तास झाले की ट्रेल घट्ट होते, तेव्हा चालवायला सुख. ताज्या हिमाखाली ट्रेलची कड दिसत नाही आणि ती भुसभुशीत असते. फोटो काढायला कडेला गेलेले सगळ्यात जास्त रुततात. थांबायचं तर सरळ, लांबून दिसणाऱ्या भागावर थांबा, सगळ्यांनी एका रांगेत, आणि स्लेडवर गप्पा मारत बसू नका. बिल निकोल्स ट्रेलने दक्षिणेकडे गेलीस तर फायरस्टील नदीवरचे जुने रेल्वेपूल लागतील, खूप उंच आहेत, मन भरून बघ. पण पुलावर थांबून नाही, पार करून मग.

ट्रेल सोडून रानात शिरायच्या आधी ती जमीन कुणाची आहे ते बघ. इथल्या पुष्कळ ट्रेल खाजगी जमिनीतून मालकांच्या परवानगीने जातात. कुणी दोन पोरं रोपांवरून स्लेड नेतात, मालक पुढच्या वर्षी फाटक लावतो, आणि सगळ्या गावाची वाट बंद होते. मला याचा फार राग येतो. शिवाय या रानात जुन्या खाणींचे खड्डे आणि भिंतींचे अवशेष हिमाखाली झाकलेले आहेत. आणि देवदाराच्या जातीच्या दाट झाडांच्या बुंध्याशी हिम पोकळ असतं; वरून सपाट दिसतं, पाय टाकला की माणूस फांद्यांखालच्या खड्ड्यात जातो. अशा झाडांना लांबून वळसा घाल.

टणक ट्रेलवर किंवा उघड्या बर्फावर फार वेळ चालवायची असेल तर इंजिनाच्या तापमानाकडे बघत राहा. पट्टा उडवतो त्या हिमानेच इंजिनाचं पाणी थंड होतं आणि पट्ट्याखालच्या प्लास्टिकच्या सरकपट्ट्यांना ओलावा मिळतो. हिम उडत नसेल तर दोन्ही तापतात. म्हणून बर्फ खरवडून हिम उडवणाऱ्या दोन तारा लावून घे, किंवा अधूनमधून ट्रेलच्या आतल्या बाजूच्या मऊ हिमातून चालव. पावडरमध्ये उलटं होतं. हिम इंजिनाच्या हवेच्या झरोक्यांवर साचतं. थांबलीस की हाताने झाड. नवा रबरी बेल्ट टाकलास तर पहिले ५० किलोमीटर हलक्या हाताने, आणि जादा बेल्ट कायम बरोबर. तो घरीच एकदा बदलून बघ. अंधारात, गोठलेल्या बोटांनी पहिल्यांदा बदलायची वेळ यायला नको.

पेट्रोलचा हिशोब ट्रेलचा आणि पावडरचा वेगळा. खोल हिमात तेवढ्याच टाकीत निम्मं अंतरही कधी कधी होत नाही. टाकीचा तिसरा हिस्सा जायला, तिसरा यायला, आणि तिसरा हात न लावण्यासाठी. कॉपर हार्बर गावात पंप बंद झालेला असू शकतो, आधी फोन कर. आणि काटा मधोमध आला की पुढे कितीही सुंदर दिसत असलं तरी परत फिर. राल्फ प्लेस्टेड नावाचा मिनेसोटाचा विमा एजंट स्नोमोबाइलवरून उत्तर ध्रुवाला गेला, १९६८ च्या एप्रिलमध्ये. त्याच्या आदल्या वर्षी तो निघाला होता आणि ध्रुव न गाठताच परतला होता. परतला, म्हणून पुढच्या वर्षी जाऊ शकला.

एकटी जाऊ नकोस. दोघी बऱ्या, तिघी उत्तम. एक जखमी झाली तर एक तिच्यापाशी थांबते आणि एक मदत आणते. मागची दिसेनाशी झाली की पुढचीने थांबायचं, आणि प्रत्येक फाट्यावर मागची येईपर्यंत कुणीही हलायचं नाही. घरी कुणाला तरी लिहून ठेव कुठे चाललो, किती वाजता परत, आणि न आल्यास कुणाला फोन करायचा. रानात मोबाइलला रेंज नसते, आणि थंडीने बॅटरी जाते. तो आतल्या खिशात, अंगाजवळ. उपग्रहावरून निरोप पाठवणारं छोटं यंत्र मिळतं, गटात एक तरी असू दे. पिशवीत घडीचं फावडं, करवत, दोरी, डोक्यावर बांधायचा दिवा, आणि दोन लाइटर. इथे बर्चची झाडं पुष्कळ आहेत, आपल्या हिमालयातल्या भूर्जवृक्षाच्याच कुळातली. खाली पडलेल्या बर्चची साल ओली असली तरी पेटते. पाण्याची बाटली उलटी ठेव, पाणी वरून गोठायला लागतं, म्हणजे झाकणाशी पाणी मोकळं राहतं. खायला आईने पाठवलेले शेंगदाण्याचे लाडू आतल्या खिशात. दारू मात्र परतल्यावर, घरी, स्लेड बंद केल्यावरच. ट्रेलवरच्या बारसमोर स्लेडींच्या रांगा दिसतील, तिथे जेव, कॉफी घे आणि निघ.

मार्च आला की तळ्याचा मोह सोड. बर्फ अजून फूटभर जाड दिसेल, पण उन्हाने तो आतून उभ्या काड्यांमध्ये सुटतो आणि ती जाडी फसवी असते. किनाऱ्याशी पाण्याची पट्टी दिसली की त्या वर्षीचं तळं संपलं. ट्रेल ३१ मार्चला बंद होतात. त्यानंतर स्लेड धुऊन, वंगण देऊन, पेट्रोल टिकवणारं औषध टाकीत घालून थोडा वेळ इंजिन चालव, मोकळ्या हवेत, शेडचं दार लावून नाही. बेल्ट काढून ठेव, मागचा भाग स्टँडवर उचल म्हणजे पट्टा जमिनीवर टेकणार नाही. आणि हवा आत घेणाऱ्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांध, उन्हाळ्यात इथले उंदीर तिथे घरटं करतात. नोव्हेंबरमध्ये ती जाळी काढायची आठवण राहावी म्हणून चावीला एक लाल दोरा बांधून ठेव.